जुन्नरमध्ये आदिमानवाची हाडं सापडली आहेत का? कुकडीकाठच्या दगडी हत्यारांची आणि ज्वालामुखीच्या राखेची खरी गोष्ट

जुन्नर म्हटलं की आपल्याला काय काय आठवतं? शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, उसात लपलेला बिबट्या आणि नारायणगावचा टोमॅटो बाजार. शेजारचं आंबेगाव म्हटलं की भीमाशंकर, मंचर आणि डिंभे धरण. पण अधूनमधून सोशल मीडियावर एक वेगळीच पोस्ट फिरते. "पुणे जिल्ह्यात लाखो वर्षांपूर्वीचा आदिमानव सापडला", "१४ लाख वर्षांपूर्वी जुन्नरमध्ये माणूस राहत होता", असा तिचा सूर असतो. सोबत कुठल्या तरी परदेशी संग्रहालयातल्या कवटीचा फोटो चिकटवलेला असतो.

मग कमेंटमध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो, "अभिमान आहे." दुसरा म्हणतो, "फेकाफेकी आहे." आणि खरी गोष्ट दोघांच्या मधे कुठेतरी राहून जाते.

ती गोष्ट खोटी नाही, पण पोस्टमध्ये असते तशीही नाही. ती जुन्नर तालुक्यातल्या बोरी या गावाची, कुकडी नदीच्या काठाची, पुण्याच्या डेक्कन कॉलेजची आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या एका ज्वालामुखीची आहे. नीट समजून घेऊ.

आधी थोडक्यात उत्तर

- जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातून आदिमानवाच्या हाडांचा किंवा कवटीचा सिद्ध झालेला शोध नाही.
- जुन्नर तालुक्यातल्या बोरी इथे कुकडीच्या काठावर आदिमानवाने घडवलेली दगडी हत्यारं मात्र सापडली आहेत. त्याची नोंद १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली.
- त्याच ठिकाणी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख सह्याद्रीतली नाही. ती इंडोनेशियातल्या तोबा ज्वालामुखीची आहे.
- या राखेचं वय किती, यावर तीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. १४ लाख, पावणेसात लाख, आठ लाख आणि ७५ हजार, असे आकडे वेगवेगळ्या अभ्यासकांनी दिले आहेत.

आता एकेक मुद्दा सविस्तर.

बोरीत नेमकं काय सापडलं?

कुकडी नदी जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, कुकडेश्वराच्या परिसरात उगम पावते. तिथून ती पूर्वेकडे वाहत जाते, पुढे घोड नदीला मिळते आणि घोड भीमेला. घोडचा उगम आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगररांगेत आहे. म्हणजे हे दोन तालुके एकाच नदीखोऱ्याचे दोन हात आहेत.

या नद्यांनी लाखो वर्षं सह्याद्रीतून दगडगोटे, वाळू आणि गाळ वाहून आणला आणि काठावर थरावर थर साचवले. नंतर नदीनेच हे थर कापले. त्यामुळे काही ठिकाणी काठाला उभ्या दरडी तयार झाल्या आहेत. अशा दरडीसमोर उभं राहिलं की खाली गोटे, मधे वाळू, वर चुनखडीचे खडे असलेली पिवळट माती आणि सर्वात वर काळी माती, असा क्रम डोळ्यांना दिसतो. पुरातत्त्वज्ञांसाठी ही दरड म्हणजे एक उघडं पुस्तकच असतं, कारण साधारणपणे जे खाली ते जुनं आणि जे वर ते नवं.

१९८०च्या दशकात विश्वास काळे, आर. के. गंजू, एस. एन. राजगुरू आणि एस. बी. ओता या अभ्यासकांना बोरीच्या परिसरात पुराश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली. 'डेक्कन कॉलेज बुलेटिन'मध्ये १९८६ साली या स्थळाची नोंद प्रसिद्ध झाली. यातले शरद राजगुरू हे भूपुरातत्त्व या विषयातलं महाराष्ट्रातलं मोठं नाव. भूपुरातत्त्व म्हणजे माती, गाळ, नद्या आणि हवामान यांच्या मदतीने माणसाचा इतिहास वाचण्याचं शास्त्र.

बोरीची हत्यारं 'अश्युलियन' प्रकारची आहेत. फ्रान्समधल्या सेंट अश्युल या ठिकाणावरून हे नाव पडलं. या प्रकारची दोन मुख्य हत्यारं म्हणजे हातकुऱ्हाड आणि फरशी. हातकुऱ्हाड साधारण पाण्याच्या थेंबासारखी किंवा बदामासारखी असते, एका बाजूला निमुळती. तिला दांडा नसतो, ती थेट हातात धरायची. फरशीला टोकाऐवजी सरळ धार असते. मांस कापणं, हाडं फोडणं, कंद उकरणं, लाकूड तासणं, अशा कितीतरी कामांना ही हत्यारं चालत. एका अर्थाने हा त्या काळचा स्विस नाइफ होता.

जगातल्या सर्वात जुन्या अश्युलियन हत्यारांपैकी काही केनियात मिळाली आहेत. त्यांचं वय सुमारे साडेसतरा लाख वर्षं. पुढे हे तंत्र आफ्रिका, युरोप आणि आशियाच्या मोठ्या भागात दिसतं. सह्याद्रीच्या पायथ्याचा बोरी हा त्याच साखळीतला एक दुवा.

साधा फुटका दगड आणि हत्यार, फरक कसा कळतो?

हा प्रश्न रास्त आहे, कारण नदीत दगड आपोआपही फुटतात. गोटे एकमेकांवर आदळतात, त्यांचे टवके उडतात. मग माणसाने घडवलेला दगड कसा ओळखायचा?

अभ्यासक काही खुणा बघतात. एका दगडाने दुसऱ्यावर नेमका घाव घातला की सुटलेल्या छिलक्यावर, घाव बसला त्या जागेच्या खाली, एक फुगवटा येतो. मूळ दगडावर त्याचीच खळगी उमटते. नैसर्गिकरीत्या फुटलेल्या दगडावर अशा खुणा क्वचित आणि वेड्यावाकड्या असतात. घडवलेल्या हातकुऱ्हाडीवर मात्र दोन्ही बाजूंनी, कडेने, एका क्रमाने छिलके काढलेले दिसतात. घडवणाऱ्याच्या डोक्यात तिचा आकार आधीच ठरलेला होता, हे त्यातून कळतं.

आणि हीच या दगडांची खरी किंमत आहे. लाखो वर्षांपूर्वी नदीकाठी बसलेल्या कुणीतरी योग्य दगड निवडला, पुढच्या दहा-वीस घावांचा विचार केला आणि हवा तो आकार मिळवला. हाड नसलं तरी विचार करणाऱ्या मेंदूचा पुरावा तिथे आहे.

ही राख सह्याद्रीतली नाही, मग आली कुठून?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. "सह्याद्री ज्वालामुखीतूनच बनला ना? मग राख सापडली यात नवल काय?"

सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनला हे खरंच आहे. पण ते घडलं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरांच्या शेवटच्या काळात. तेव्हा माणूस नव्हताच. बोरीची राख मात्र नदीच्या गाळात आहे आणि तो गाळ या बेसाल्टवर फार नंतर साचलेला आहे. म्हणजे राख बाहेरून आली.

भिंगाखाली पाहिलं तर या राखेत काचेचे अतिसूक्ष्म तुकडे दिसतात. स्फोटाच्या वेळी वितळलेला खडक फेसाळतो, बुडबुडे फुटतात आणि त्यांच्या भिंतींचे बारीक तुकडे होऊन आकाशात जातात. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेची रासायनिक घडण वेगळी असते, अगदी बोटांच्या ठशासारखी. बोरीच्या राखेचा ठसा जुळला तो इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीशी.

आज तिथे तोबा नावाचं सुमारे १०० किलोमीटर लांब सरोवर आहे. ते म्हणजे स्फोटानंतर जमीन खचून तयार झालेला प्रचंड खड्डा. तोबाचे गेल्या साडेबारा लाख वर्षांत अनेक मोठे उद्रेक झाले. त्यातला सर्वात मोठा आणि सर्वात अलीकडचा सुमारे ७४ ते ७५ हजार वर्षांपूर्वीचा. त्याची राख बंगालचा उपसागर ओलांडून भारतभर पसरली. मध्य प्रदेशातल्या सोन नदीच्या खोऱ्यात, आंध्र प्रदेशात नंद्याल जिल्ह्यातल्या ज्वालापुरमला आणि इतर अनेक ठिकाणी ती मिळाली आहे.

पुणे जिल्ह्यात बोरीखेरीज बारामती तालुक्यात, कऱ्हा नदीच्या काठी मोरगावलाही अशी राख सापडली. तेच मोरगाव, अष्टविनायकातलं. लेण्याद्री आणि ओझर हे अष्टविनायक जुन्नर तालुक्यात, आणि मोरगावही त्याच यादीत. म्हणजे अष्टविनायक यात्रेच्या वाटेवर तोबाची राख दोन ठिकाणी पसरलेली आहे.

मग १४ लाखांचा आकडा आला कुठून?

हा या गोष्टीचा सर्वात महत्त्वाचा भाग आहे. जरा सावकाश वाचा.

दगडी हत्याराचं वय थेट मोजता येत नाही. दगड तर कोट्यवधी वर्षांचा असतो. प्रश्न असतो तो दगड *घडवला कधी* याचा. ज्वालामुखीच्या राखेचं वय मात्र मोजता येतं. त्यामुळे हत्यारांच्या शेजारी राख मिळणं म्हणजे सोन्याहून पिवळं. राखेचं वय कळलं की हत्यारांच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

ते मोजायची एक पद्धत अशी. काही खनिजांमध्ये पोटॅशियम असतं. त्याचा एक प्रकार किरणोत्सारी आहे आणि तो अतिशय संथपणे आरगॉन वायूत बदलत राहतो. खनिज वितळलेलं असताना हा आरगॉन निसटून जातो. ते थंड झालं की घड्याळ शून्यापासून सुरू होतं. आज त्यात किती आरगॉन साठला आहे ते मोजलं की उद्रेक कधी झाला ते कळतं.

आता बोरीच्या राखेचे आकडे बघा.

- १९८९ : पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने वय आलं सुमारे १४ लाख वर्षं. पोस्टमध्ये फिरतो तो आकडा हाच.
- १९९५ : शीला मिश्रा, एस. एन. राजगुरू आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले टी. आर. वेंकटेशन व बी. एल. के. सोमयाजुलू यांनी जास्त अचूक अशी आरगॉन-आरगॉन पद्धत वापरली. वय आलं सुमारे ६ लाख ७० हजार वर्षं. हा निबंध 'करंट अँथ्रोपॉलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला.
- १९९५ आणि १९९८ : फिल शेन, जॉन वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी काचेच्या तुकड्यांची रासायनिक घडण तपासली. त्यांचा निष्कर्ष असा, की भारतातली ही सगळी राख तोबाच्या शेवटच्या उद्रेकाची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची आहे.
- २०११ : रॉब वेस्टअवे, शीला मिश्रा, सुषमा देव आणि डेव्हिड ब्रिजलँड यांनी पुन्हा जुन्या वयाच्या बाजूने मांडणी केली. बोरी-मोरगावची राख तोबाच्या एका जुन्या उद्रेकाची, सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीची असावी, असं त्यांचं म्हणणं.

एकाच राखेचं वय ७५ हजार आणि १४ लाख? जवळपास एकोणीस पटींचा फरक! असं कसं होऊ शकतं?

शास्त्रज्ञ चुकले की राख फसवी?

दोन अडचणी समजून घ्या.

पहिली अडचण भेसळीची. राख आकाशातून पडली, पावसाने डोंगरउतारांवरून धुतली गेली आणि ओढ्यानाल्यांतून नदीकाठी येऊन साचली. वाटेत तिच्यात स्थानिक बेसाल्टचे कण मिसळले. बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. त्याचे थोडेसे कण जरी नमुन्यात आले तरी आरगॉन वाढतो आणि वय प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं. एका शाळकरी मुलांच्या वर्गाचं सरासरी वय काढताना त्यात कुणाचे तरी पणजोबा बसवले तर काय होईल? तसंच.

दुसरी अडचण थरांची. राख नदीकाठी वाहून आली असेल तर तिच्या खालचे-वरचे थर नेमके किती जुने आणि हत्यारांशी तिचं नातं काय, हे प्रत्येक जागी तपासावं लागतं. नदी जुना थर कापते, त्या खाचेत नवा गाळ भरते. त्यामुळे शेजारी-शेजारी दिसणारे दोन थर एकाच काळातले असतीलच असं नाही.

७५ हजार वर्षांच्या बाजूचे लोक रासायनिक ठशावर भर देतात. जुन्या वयाच्या बाजूचे लोक म्हणतात, तोबाच्या वेगवेगळ्या उद्रेकांचे ठसे एकमेकांशी फार मिळतेजुळते आहेत. शिवाय ते दुसरा पुरावा पुढे करतात. मोरगावला डेक्कन कॉलेजने २००० ते २००७ या काळात उत्खनन केलं. तिथल्या गाळाच्या थरांमध्ये पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आजच्या उलट असल्याच्या खुणा मिळाल्याचं संशोधकांनी मांडलं.

याचा अर्थ काय? पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं. गेल्या सुमारे पावणेआठ लाख वर्षांत ते आजच्यासारखंच राहिलं आहे. त्याआधी दीर्घकाळ ते उलट होतं. म्हणून उलट्या दिशेचा थर म्हणजे बहुधा पावणेआठ लाख वर्षांहून जुना थर. हत्यारांची घडणही जुन्या वळणाची आहे, ही त्यांची आणखी एक बाजू.

हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून "१४ लाख वर्षं" हा आकडा ठासून सांगणारी पोस्ट अर्धवट आहे. तो आकडा मोजणाऱ्या गटातल्या संशोधकांनीच सहा वर्षांत नवी पद्धत वापरून तो निम्म्यावर आणला. विज्ञानात असं होतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

यात एवढं काय पणाला लागलंय?

राखेचं वय आठ लाख ठरलं, तर बोरी आणि मोरगाव ही भारतातल्या कालनिश्चिती झालेल्या जुन्या स्थळांच्या पहिल्या रांगेत बसतात. या रांगेत सध्या चेन्नईजवळचं अत्तिरमपक्कम सर्वात पुढे आहे. शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तिथल्या हत्यारांचं वय सुमारे १५ लाख वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं. कर्नाटकातल्या इसामपूरसाठी सुमारे १२ लाखांचा आकडा दिला जातो.

राख ७५ हजार वर्षांची ठरली, तर हत्यारं नवी ठरत नाहीत. फक्त राख त्यांच्या वयाबद्दल फारसं सांगू शकत नाही आणि दुसरी पद्धत शोधावी लागते. पण मग एक वेगळाच प्रश्न जागा होतो: तोबाचा महास्फोट झाला तेव्हा भारतातल्या माणसांचं काय झालं? काही शास्त्रज्ञांचं मत होतं की त्या स्फोटानंतर तापमान घसरलं आणि जगातली माणसं जवळपास संपायला आली. ज्वालापुरमला मात्र राखेच्या खाली आणि वर, दोन्हीकडे दगडी हत्यारं मिळाली. सोन खोऱ्यातल्या ढाबा इथल्या अभ्यासातही माणसाचा वावर स्फोटाच्या आधी आणि नंतर चालू राहिल्याचं दिसलं. म्हणजे भारतातली माणसं त्या संकटातून तगली.

दोन्ही शक्यतांमध्ये कुकडीकाठची ती दरड महत्त्वाचीच राहते.

मग हाडं का मिळत नाहीत?

हाड टिकायला नशीब लागतं. प्राणी मेला की तरस, कोल्हे, ऊन, पाऊस आणि किडे मिळून काही वर्षांत सांगाड्याचा चुरा करतात. हाड लवकर गाळाखाली गेलं, त्यात खनिजं झिरपली आणि मग लाखो वर्षं कुणी ते हलवलं नाही, तरच जीवाश्म बनतो. त्यात तेव्हा माणसांची संख्या अगदी थोडी होती. म्हणून महाराष्ट्रातल्या नद्यांच्या गाळात हत्ती आणि रानबैलांसारख्या प्राण्यांचे जीवाश्म मिळतात, पण त्या काळच्या माणसाचे नाहीत.

आफ्रिकेत एवढे जीवाश्म का मिळतात, याचंही उत्तर जमिनीत आहे. इथिओपिया, केनिया, टांझानियात खचदरीतले गाळ वेगाने साचले आणि नंतर उघडे पडले. दक्षिण आफ्रिकेत चुनखडीच्या गुहांनी हाडं जपली. १९७४ मध्ये इथिओपियात मिळालेली प्रसिद्ध 'लुसी' अशाच प्रदेशातली.

आणि इथे आणखी एक गैरसमज दूर करू. जुन्नरच्या गुहांमध्ये आदिमानव राहत होता का? नाही. जुन्नर परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत, पण ती माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन काळात आणि त्याच्या आसपास. आदिमानवाच्या दृष्टीने ती अगदी कालची. बोरीच्या हत्यारांचं वय कमीत कमी धरलं तरी लेणी त्यांच्यापुढे कितीतरी पटींनी तरुण आहेत.

भारतात मग आदिमानव कुठे सापडला?

५ डिसेंबर १९८२. मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यात, नर्मदेच्या काठी हथनोरा गावाजवळ, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना कवटीचा एक भाग मिळाला. भारतातला हा आदिमानवाचा सर्वात महत्त्वाचा जीवाश्म. सुरुवातीला तो 'होमो इरेक्टस' या प्रजातीचा मानला गेला. नंतर अनेक अभ्यासकांनी तो आपल्या प्रजातीच्या जवळच्या, पण जुन्या वळणाच्या मानवाचा असल्याचं म्हटलं. त्याच खोऱ्यातल्या थरांत अश्युलियन हत्यारंही आहेत.

म्हणजे बोरीची हत्यारं कुणी घडवली, याचा अंदाज बांधताना सर्वात जवळचा चेहरा नर्मदेकाठचा आहे. एका पोस्टमध्ये आफ्रिकन कवटीचा फोटो टाकण्यापेक्षा हे जास्त प्रामाणिक.

घोडकाठी माणसांचे सांगाडे सापडले होते ना?

हो, पण ती गोष्ट वेगळी आहे. घोड नदीच्याच काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. तिथे ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांचं अख्खं गाव मिळालं. घरं, धान्य, पाटबंधाऱ्याच्या खुणा आणि मोठ्या संख्येने दफनं. लहान मुलांना मातीच्या दोन घटांमध्ये ठेवून घराच्या जमिनीखाली पुरलेलं होतं.

पण इनामगावचा काळ साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. म्हणजे ही माणसं सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, शरीराने अगदी तुमच्या-आमच्यासारखी. त्यांना 'आदिमानव' म्हणणं म्हणजे आपल्या खापरपणजोबांना डायनासोर म्हणण्यासारखं आहे. सोशल मीडियावर बोरीची हत्यारं आणि इनामगावचे सांगाडे एकत्र करून "लाखो वर्षांपूर्वीचे सांगाडे" अशी भेळ सहज तयार होते. म्हणून हा फरक लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात या विषयाची पायाभरणीही अशाच नदीकाठांवर झाली. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या नेवाशाला सांकलियांनी १९५०च्या दशकात पुराश्मयुगाचा अभ्यास केला. तिथेच चिरकी इथे जर्मन संशोधक गुडरून कॉर्व्हिनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात उत्खनन करून मोठ्या संख्येने अश्युलियन हत्यारं नोंदवली. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. हो, तेव्हा महाराष्ट्रात शहामृग होते!

धोका कशाचा आहे?

किल्ला ढासळला तर दिसतो. मूर्ती चोरीला गेली तर बातमी होते. नदीकाठची मातीची दरड गेली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. शेत सपाट करायला, वीटभट्टीसाठी, रस्त्याच्या भरावासाठी माती उचलली जाते. वाळू उपसल्याने काठ ढासळतात. धरणांच्या पाण्याची पातळी वर-खाली होते तसे किनारे धुपतात. आंबेगाव हे मूळ गावच डिंभे धरणात गेलं आणि तालुक्याचा कारभार घोडेगावला आला, हे तिथल्या लोकांना सांगायला नको.

यात शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. आपल्या बांधाखाली काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पण एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हत्यार जागेवरून उचललं की त्याची अर्धी माहिती संपते. ते कोणत्या थरात होतं, राखेच्या वर की खाली, शेजारी काय होतं, हेच तर वयाच्या वादाचं मूळ आहे. शोकेसमध्ये ठेवलेली सुंदर हातकुऱ्हाड त्याबद्दल काहीच सांगू शकत नाही. थर जागेवर राहिला तर उद्या नवी पद्धत येईल, नवे नमुने घेता येतील आणि कदाचित वाद मिटेल. थरच गेला तर तो कायमचा अनुत्तरित राहील.

तुम्हाला असं काही सापडलं तर?

- उचलू नका, धुऊ नका, घासू नका. आहे त्या जागी फोटो काढा. शेजारी नाणं किंवा पेन ठेवा, म्हणजे आकार कळेल.
- एक फोटो जवळून, एक पूर्ण दरडीचा आणि एक आजूबाजूच्या परिसराचा घ्या. मोबाईलवरचं लोकेशन जपून ठेवा.
- नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका. हौशे-नवशे आणि विकणारे आधी पोहोचतात.
- तलाठी किंवा तहसील कार्यालयाला, राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.
- पुरावस्तूंची खरेदी-विक्री आणि परदेशी पाठवणं यावर १९७२च्या कायद्याने बंधनं आहेत. दगडाला "काय भाव मिळेल" हा प्रश्न मनातून काढून टाका.

आणि अशी पोस्ट समोर आली तर शेअर करण्याआधी तीन प्रश्न विचारा. सापडलं ते हाड की हत्यार? वय कशाचं मोजलं, वस्तूचं की शेजारच्या थराचं? आणि फोटो त्याच ठिकाणचा आहे का? या तीन प्रश्नांत निम्म्या फॉरवर्डचा निकाल लागतो.

तर शेवटी काय समजायचं?

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला आकाशाचा वेध घेणारी जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिचा अभिमान सगळ्यांना आहे. त्याच तालुक्यात कुकडीच्या दरडीत जमिनीखालचा काळ दडलेला आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

तिथे कवटी सापडलेली नाही. पण कुणीतरी तिथे बसून दगड घडवला होता, हे नक्की आहे. ते कधी घडलं, याचं उत्तर त्या मातीतच आहे. ती माती जागेवर राहिली पाहिजे.